यंत्राची खूण, माणसाची नजर

आमच्या बचत गटात एकीने लिहिलेला हिशोब दुसरी तपासते. स्तनांचा एक्स-रे, म्हणजे मॅमोग्राफी, वाचतानाही युरोपात अनेक ठिकाणी दोन डॉक्टर वेगवेगळे पाहतात. एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला दिसते.

ही दुसरी नजर संगणकाची असावी, यासाठी अमेरिकेत १९६७ पासून प्रयत्न झाले. १९९८ मध्ये तिथल्या सरकारने पहिल्या यंत्राला परवानगी दिली. ते संशयाच्या जागी खूण करी. दवाखान्यांनी ते भराभर घेतले. पण २००७ मध्ये ४३ केंद्रांचा अभ्यास छापून आला. यंत्र आल्यावर जास्त बायकांना पुन्हा बोलावले गेले, तुकडा काढून तपासण्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढले. कर्करोग मात्र ठळकपणे जास्त सापडले नाहीत. किती जणींचा जीव विनाकारण टांगणीला लागला असेल!

पुढे स्वीडनमध्ये नव्या संगणकाची ८० हजार बायकांवर आधी चाचणी झाली. २०२३ चा निकाल असा, की कर्करोग कमी सापडले नाहीत आणि डॉक्टरांचे वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले. शेवटचा निर्णय डॉक्टरांचाच होता.

यंत्राला आमची ना नाही. पण हिशोबासारखेच त्यालाही आधी तपासून घ्यावे, एवढेच आम्ही म्हणतो.