तिकीटबारीचा निकाल आणि घरचा पडदा : तीन अमेरिकन चित्रपटांच्या स्वीकाराचा इतिहास

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टान्झ विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात साहित्येतिहासाच्या फेरमांडणीचा आग्रह धरला आणि त्यासाठी एकाच सुमारास प्रसिद्ध झालेल्या दोन फ्रेंच कादंबऱ्यांचा दाखला दिला. गुस्ताव्ह फ्लोबेर यांची ‘मादाम बोव्हारी’ १८५७ मध्ये ग्रंथरूपाने आली. एर्नेस्त फेदो यांची ‘फानी’ तिच्या पाठोपाठ आली. तत्कालीन वाचकांनी ‘फानी’ला डोक्यावर घेतले आणि तिच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. आज ‘फानी’चे नाव बहुधा फ्लोबेर यांच्या संदर्भातच घेतले जाते. हा दाखला देताना पहिल्या वाचकांना अरसिक ठरवण्याचा याउस यांचा हेतू नव्हता. कोणतीही कृती अपेक्षांच्या एका विशिष्ट क्षितिजावर अवतरते, ते क्षितिज कालांतराने सरकते आणि त्याबरोबर कृतीचे मूल्यमापनही बदलते, हे त्यांना दाखवायचे होते.

या मांडणीत एक भौतिक गृहीत दडलेले आहे. फ्लोबेर यांच्या कादंबरीला दुसरा वाचक मिळाला, कारण तिची प्रत कपाटात शिल्लक होती. चित्रपटाला मात्र आपल्या इतिहासाच्या पहिल्या आठ दशकांत असे कपाट जवळजवळ नव्हतेच. चित्रपटगृहातून उतरलेला चित्रपट सामान्य प्रेक्षकाच्या दृष्टीने नाहीसा होत असे. अधूनमधून होणारे पुनर्प्रदर्शन, चित्रपट-मंडळे आणि पुढे दूरचित्रवाणी एवढेच त्याच्या परतीचे मार्ग होते. त्यामुळे तिकीटबारीचा निकाल हाच बहुतेक वेळा अंतिम निकाल ठरे. घरगुती व्हिडिओने हे चित्र कसे पालटले आणि त्या पालटाचे श्रेय कशाकशाला द्यावे लागते, याचा विचार येथे तीन अमेरिकन चित्रपटांच्या आधारे केला आहे. हे तिन्ही चित्रपट साहित्यकृतींवर आधारलेले आहेत आणि तिन्ही प्रथम प्रदर्शनात तोट्याचे किंवा निराशाजनक ठरले होते.

तिकीटबारी काय मोजते?

तिकीटबारीवरील गल्ला म्हणजे प्रेक्षकांनी तिकिटांसाठी मोजलेली एकूण रक्कम. तिच्यातील साधारण निम्मा वाटा चित्रपटगृहांकडे राहतो. प्रती आणि जाहिराती यांचा खर्च निर्मितीखर्चाहून वेगळा असतो. म्हणून निर्मितीखर्चाइतका गल्ला जमवणारा चित्रपट प्रत्यक्षात तोट्यात असतो. याहून महत्त्वाची गोष्ट काळाची आहे. १९७५ च्या जूनमध्ये ‘जॉज’ हा चित्रपट दूरचित्रवाणीवरील जोरदार जाहिरातींसह अमेरिकेत एकाच वेळी चारशेहून अधिक पडद्यांवर लागला. ही पद्धत रूढ होत गेली तसा पहिल्या आठवड्याचा, पुढे पहिल्या तीन दिवसांचा, आकडा निर्णायक बनला. एका प्रेक्षकाने दुसऱ्याला सांगावे आणि चित्रपटाने हळूहळू जम बसवावा, याला लागणारा अवधी आटत गेला. तिकीटबारी आवड मोजते हे खरे. परंतु ती मुख्यत्वे प्रदर्शनापूर्वी निर्माण झालेली उत्सुकता मोजते. चित्रपट पाहून झाल्यावर मनात काय उरले, याची नोंद तिच्याकडे फारशी नसते.

निसटलेला हक्क

फ्रँक काप्रा यांच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’चे मूळ फिलिप व्हान डोरेन स्टर्न यांच्या ‘द ग्रेटेस्ट गिफ्ट’ या छोट्या कथेत आहे. प्रकाशक न मिळाल्याने स्टर्न यांनी १९४३ च्या नाताळात या कथेची पुस्तिका छापून तिच्या दोनशे प्रती स्नेह्यांना भेटकार्डासारख्या पाठवल्या. आरकेओ कंपनीने तिचे हक्क घेतले, पुढे ते काप्रा यांच्या लिबर्टी फिल्म्सकडे गेले आणि डिसेंबर १९४६ मध्ये चित्रपट न्यूयॉर्कमध्ये झळकला. त्याला ऑस्करची पाच नामांकने मिळाली, तरी वितरक आरकेओच्या हिशेबात ५,२५,००० डॉलरांचा तोटा दिसला. लिबर्टी फिल्म्सही फार काळ स्वतंत्र राहिली नाही. १९४७ मध्ये ती पॅरामाउंटकडे गेली.

तत्कालीन अमेरिकन कायद्यानुसार कृतिस्वामित्वाची पहिली मुदत २८ वर्षांची होती आणि मुदत संपताना नूतनीकरण करावे लागे. १९७४ मध्ये या चित्रपटाचे नूतनीकरण राहून गेले. परिणामी स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रांना तो विनामूल्य दाखवता येऊ लागला. नाताळच्या दिवसांत वेळ भरून काढण्यासाठी तो एकाच शहरात अनेक वाहिन्यांवरून, वर्षामागून वर्षे, दिसत राहिला. पुढे त्याच्या स्वस्त व्हिडिओ कॅसेटही निघाल्या. दिवाळखोरीच्या छायेत आत्महत्येला निघालेल्या माणसाची ही काळोखी कथा त्यामुळे कौटुंबिक सणाचा भाग बनली. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसूचीत तिचा समावेश झाला.

या मुक्त संचाराचा शेवटही तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावा असा आहे. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रिअर विंडो’ या चित्रपटासंबंधीच्या खटल्यात मूळ कथेच्या हक्कधारकाचा चित्रपटावरील दावा मान्य केला. स्टर्न यांच्या कथेचे हक्क अबाधित होते. त्या निर्णयाचा, तसेच चित्रपटातील संगीताच्या हक्कांचा, आधार घेऊन रिपब्लिक पिक्चर्सने १९९३ मध्ये अनिर्बंध प्रक्षेपण थांबवले आणि १९९४ मध्ये एनबीसीला प्रक्षेपणाचे विशेषाधिकार मिळाले. चित्रपटाला घरोघरी पोहोचवले ते कायद्यातील एका विस्मरणाने. त्याला पुन्हा मालकीत आणले ते दोनशे प्रतींच्या पुस्तिकेने. रसिकतेचे क्षितिज सरकले हे खरे, पण ते आपोआप सरकले नाही.

कपाट कोणी दिले?

सोनीचे बेटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ मध्ये जपानी बाजारात आले. १९७६ मध्येच युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी सोनीविरुद्ध दावा लावला. घरी बसून कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करणे हा कृतिस्वामित्वाचा भंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जानेवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निर्णय दिला. या खटल्याची चर्चा पुष्कळ होते. व्हिडिओ लायब्ररीचा पाया मात्र वेगळ्याच आणि अधिक जुन्या निर्णयात आहे, आणि तो निर्णय एका कादंबरीविषयीचा आहे.

बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेने ‘द कास्टअवे’ या कादंबरीच्या प्रतींवर एक सूचना छापली होती : एक डॉलरपेक्षा कमी किमतीत विक्री केल्यास तो हक्कभंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, प्रत एकदा विकली गेली की तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचा ताबा राहत नाही. हे तत्त्व पुढे कायद्यात समाविष्ट झाले. १९७७ मध्ये आंद्रे ब्ले यांच्या मॅग्नेटिक व्हिडिओ कंपनीने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या पन्नास चित्रपटांच्या कॅसेट विक्रीस आणल्या, तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज अ‍ॅटकिन्सन यांनी त्या विकत घेऊन भाड्याने देण्यास आरंभ केला. निर्मितीसंस्थांना हा प्रकार रुचला नाही. पण विकत घेतलेली कॅसेट भाड्याने देणे हा दुकानदाराचा हक्क होता. पुस्तकाच्या प्रतीला मिळालेले स्वातंत्र्य असे सत्तर वर्षांनी चित्रपटाच्या प्रतीला मिळाले. पुढे ज्या व्यवस्थेला या संस्थांचा विरोध होता, तीच त्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार बनली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत घरगुती व्हिडिओचे उत्पन्न चित्रपटगृहांतील उत्पन्नाच्या पुढे गेले.

पाठभेद

रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ फिलिप के. डिक यांच्या १९६८ च्या ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’ या कादंबरीवर आधारलेला आहे. डिक यांचे मार्च १९८२ मध्ये निधन झाले आणि २५ जून १९८२ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच्या दोन आठवडे आधी स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ लागलेला होता. परग्रहावरील निरागस जिवाशी मैत्री जुळवणाऱ्या प्रेक्षकापुढे यंत्रमानव आणि मानव यांतील सीमारेषाच संशयास्पद करणारी ही पावसाळी, अंधारी कथा आली. पहिल्या तीन दिवसांत तिने साठ लाख डॉलरांच्या आसपास गल्ला जमवला आणि नंतर ती ओसरली.

याआधीच चाचणी-प्रयोगांतील प्रेक्षकांच्या गोंधळामुळे दोन बदल करण्यात आले होते : नायकाच्या आवाजातील निवेदन घालण्यात आले आणि शेवट सुखद करण्यात आला. म्हणजे तिकीटबारीने जिला नाकारले ती संहिता तिकीटबारीच्याच धास्तीने घडवलेली होती. व्हिडिओ कॅसेट आणि १९८७ ची लेझर डिस्क यांनी प्रेक्षकाला थांबून, मागे जाऊन दृश्य पाहण्याची सोय दिली. एका फेरीत न मावणारा दृश्यतपशील हा या चित्रपटाचा दोष मानला गेला होता. पुनःपुन्हा पाहताना तोच त्याचा गुण ठरला. १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चित्रपटगृहात निवेदनाविना असलेली कच्ची प्रत दाखवली गेली आणि तिला मिळालेल्या प्रतिसादातून १९९२ ची ‘दिग्दर्शकीय’ आवृत्ती निघाली. तीत निवेदन आणि सुखान्त गाळून एकशृंगाचे स्वप्न घालण्यात आले. २००७ मध्ये स्कॉट यांच्या संपूर्ण नियंत्रणाखाली अंतिम आवृत्ती तयार झाली आणि पाच भिन्न पाठ असलेला डीव्हीडी-संच प्रसिद्ध झाला.

पाठचिकित्सेच्या परिभाषेत सांगायचे तर ही चित्रपटाची पाठभेदांसह सिद्ध केलेली आवृत्ती होय. दुसऱ्या स्वीकाराने येथे जुन्या संहितेला नवा अर्थ तर दिलाच, शिवाय संहिताही बदलली. त्यामुळे ‘१९८२ च्या प्रेक्षकांनी श्रेष्ठ कृती नाकारली’ हे सर्वपरिचित विधान काटेकोर नाही. आज जी कृती श्रेष्ठ म्हणून अभ्यासली जाते, ती त्या प्रेक्षकांना दाखवलीच गेली नव्हती.

भाड्याच्या कॅसेटचा प्रेक्षक

स्टीफन किंग यांच्या ‘डिफरंट सीझन्स’ (१९८२) या संग्रहातील दीर्घकथेवरून फ्रँक डॅराबॉन्ट यांनी ‘द शॉशँक रिडेम्पशन’ केला. अडीच कोटी डॉलरांच्या या चित्रपटाचे देशव्यापी प्रदर्शन १४ ऑक्टोबर १९९४ रोजी, ‘पल्प फिक्शन’च्याच दिवशी, झाले. पहिल्या फेरीत गल्ला एक कोटी साठ लाख डॉलरांच्या जवळपास थांबला. सात ऑस्कर नामांकनांनंतरच्या पुनर्प्रदर्शनाने तो दोन कोटी ऐंशी लाखांपर्यंत गेला. पुरस्कार एकही मिळाला नाही. परंतु १९९५ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक भाड्याने गेलेल्या कॅसेटांत तो अग्रभागी होता. डॅराबॉन्ट यांच्यामागील कॅसल रॉक ही संस्था १९९३ मध्ये टर्नर समूहाकडे गेली होती. म्हणून १९९७ पासून त्याच समूहाच्या टीएनटी वाहिनीला तो वारंवार दाखवणे परवडू लागले. २०१५ मध्ये तोही राष्ट्रीय सूचीत दाखल झाला.

येथे कथनतंत्राचा विचार अगत्याचा आहे. ‘ब्लेड रनर’मधून निवेदन काढल्यावर त्याची प्रतिष्ठा वाढली, ‘शॉशँक’ने मात्र किंग यांच्या कथेतील रेड या कैद्याचे निवेदन जपले. जवळजवळ दोन दशकांचा काळ या आवाजाच्या सोबतीने लहान लहान प्रसंगांत विभागला जातो. घरच्या पडद्यावर मध्येच येऊन बसणाऱ्या प्रेक्षकाला हा आवाज चटकन कथेत घेतो. दीर्घकथेचा वाचकाशी असलेला एकान्तातील संबंध दिवाणखान्यात जितका साधतो, तितका भरलेल्या सभागृहात साधेलच असे नाही. कोणत्या कृतीला कोणते माध्यम दुसरे आयुष्य देते, हे तिच्या घडणीवरही अवलंबून असते.

निष्कर्षाकडे

या तीन उदाहरणांवरून ‘तिकीटबारी आंधळी आणि घरचा प्रेक्षक डोळस’ असा निष्कर्ष काढणे सोपे, पण चुकीचे ठरेल. दुसऱ्या निकालामागेही विस्मृतीत गेलेले नूतनीकरण, कादंबरीविषयीचा निवाडा, समूहाच्या मालकीची वाहिनी अशी कारणे उभी आहेत. शिवाय ज्या चित्रपटांच्या कॅसेट निघाल्याच नाहीत, त्यांना फेरविचाराची संधीही मिळाली नाही. तिकिटे मोजता येतात. एक कॅसेट किती घरांत फिरली आणि किती जणांनी पाहिली, हे मोजता येत नाही. म्हणून घरगुती स्वीकाराचा इतिहास आकड्यांइतकाच कायदा, पाठभेद आणि कथनरूप यांच्या आधारे लिहावा लागतो.

तो आता लिहिणे निकडीचेही झाले आहे. टपालाने डीव्हीडी पाठवण्यासाठी १९९८ मध्ये सुरू झालेली नेटफ्लिक्सची सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. इंटरनेटवरून पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटाची प्रत प्रेक्षकाच्या हाती येत नाही. त्याला मिळतो तो मुदतीचा परवाना. १९०८ चा निर्णय विकलेल्या प्रतीला लागू होतो, परवान्याला नव्हे. परवाना संपला की चित्रपट सूचीतून उतरतो आणि त्याच्या जागी नवा पाठ आला तर जुना पाठ तुलनेसाठी उरत नाही. आज पहिल्या आठवड्यात पडलेल्या चित्रपटाला तीस वर्षांनी दुसरा प्रेक्षक मिळायचा असेल, तर त्याची प्रत कोठेतरी, मालकाच्या इच्छेवर अवलंबून नसलेल्या जागी, असावी लागेल. ती जबाबदारी भाड्याच्या दुकानांनी नकळत पार पाडली होती. यापुढे ती ग्रंथालयांना आणि चित्रपट-संग्रहालयांना जाणीवपूर्वक उचलावी लागणार आहे.