ई-बेवर नाणं १ डॉलरचं, शिपिंग २० डॉलर, असं का?

ई-बेवर जुनं नाणं १ डॉलरला दिसतं, खाली बारीक अक्षरांत शिपिंग मात्र २० डॉलर! ही चलाखी जुनी आहे. पूर्वी ई-बे कमिशन फक्त वस्तूच्या किमतीवर घ्यायचं. त्यामुळे काही विक्रेते किंमत नाममात्र ठेवून नफा शिपिंगमधून काढायचे. अमेरिकेत २०११ पासून कमिशन शिपिंगसह एकूण रकमेवर लागू झालं आणि ती पळवाट बुजली. स्वस्त किमतीचं आमिष मात्र अजून कामी येतं.

म्हणून बोली लावण्याआधी शिपिंग वजा करा. तुमची मर्यादा २५ डॉलर आणि शिपिंग १५ असेल, तर बोली १० वर थांबवायची. भारतात मागवताना कस्टम ड्यूटीही धरा. शोधताना यादी 'किंमत अधिक शिपिंग' या क्रमाने लावता येते. एकाच विक्रेत्याकडून तीन-चार वस्तू घेताय? मग एकत्र पार्सलचा दर पैसे भरण्याआधीच विचारा.

पाकिटावर कमी पैशांची तिकिटं दिसली की चिडचिड होते. पण पॅकिंगचा वाजवी खर्च विक्रेता लावू शकतो. शिवाय शिपिंगचा आकडा आधीच दाखवलेला असेल, तर 'जास्त घेतलं' एवढ्यावर मनी बॅक गॅरंटी लागू होत नाही. ती वस्तू न मिळाल्यास किंवा वर्णनापेक्षा वेगळी निघाल्यास मिळते. तेव्हा मूळ शिपिंगही परत येतं. आकडा अवाच्या सवा वाटला, तर बोली न लावता ती लिस्टिंग ई-बेला रिपोर्ट करता येते.