लगाम सापडला, पण घोडा शिकवलेला होता का?

सावंगी (मेघे) वरून फार लांब जायला नको, नागपूरजवळची माहुरझरी घ्या. 1970 च्या दशकात शां. भा. देव यांच्या उत्खननात तिथल्या लोहयुगीन शिळावर्तुळांत घोड्यांची हाडं, तांब्याचे मुखालंकार आणि लगामाच्या लोखंडी कड्या मिळाल्या. मग हे घोडे स्वारीचे, की फक्त पुरताना सजवलेले?

कडी एकटी हे सांगत नाही; दातांना विचारा. शिंगराला सवय लावताना कडी पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर ठेवतात. आधी थोडाच वेळ, ओढ न देता. पुढे घोडा ती चावू लागला, की खालची पहिली दाढ पुढून झिजते. ती झीज मोजता येते. पण कधीच लगाम न घातलेल्या घोड्यांतही अशी झीज दिसू शकते. म्हणून त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.