वारसा कोणाचा, साक्ष कोणाची?

उन्हाळी सुट्टीत विद्यापीठांमध्ये विद्यार्थ्यांच्या देवघेवीचे उपक्रम चालतात. इकडचे विद्यार्थी परदेशी जातात, तिकडचे इकडे येतात आणि सांस्कृतिक वारशाच्या जतनाचा तौलनिक अभ्यास करतात. खानदेशात असे पाहुणे आले की जळगाव स्टेशनावर उतरून अजिंठ्याकडे वळतात. ते योग्यच आहे. पण दगडाची दगडाशी तुलना करून अभ्यास पुरा होत नाही. कोणाचे काय जपले गेले आणि कोणाचे जपले गेले नाही, हा प्रश्न आधी विचारावा लागेल.

चाळीसगावजवळच्या पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांत एक यक्षमूर्ती सापडली. आज ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यावर ती घडवणाऱ्याचे नाव कोरलेले आहे : कान्हदास, धंद्याने सोनार. तेथील दानलेखात पैठणच्या मितदेव नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचेही नाव आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या परंपरेत हाताने काम करणाऱ्याच्या नावाला जागा होती. पुढे ज्याला आपण इतिहास म्हणू लागलो, त्यात ती जागा आक्रसत गेली.

धुळे हे कागदपत्रांच्या जतनाचे मोठे ठिकाण. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस येथेच वारले आणि १९२७ साली त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. गावोगाव हिंडून त्यांनी दप्तरे गोळा केली, ती वाचवली. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु कागद त्याच्याच घरी सापडतो, ज्याच्या हाती लेखणी होती. गावगाड्यात शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष काढली जाई. ज्याच्या शब्दावर गावाची शीव ठरे, त्याचा शब्द मात्र दुसऱ्याच्या लेखणीतून उतरे. तोही शिवेपुरताच.

३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आले होते. त्या दौऱ्याची आठवण धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्याशी जोडलेली आहे. दरवर्षी ३१ जुलैला तेथे लोक जमतात. ही आठवण लोकांनी आपल्या पायांनी जपली आहे. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत महार वतन रद्द करण्याचे विधेयक मांडले. वतने कायद्याने जायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले. ज्यांनी ते वतन राबवले, वेसकरकी केली, मुडदे ओढले, त्यांचे अनुभव कोणत्या दप्तरात आहेत?

येथे तुलना खरी उपयोगी पडते. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकेत सरकारी योजनेतून, गुलामीत जन्मलेल्या वृद्ध निग्रो स्त्रीपुरुषांच्या दोन हजारांहून अधिक मुलाखती लिहून घेतल्या गेल्या. विचारणारे बहुतेक गोरे होते, त्यामुळे कित्येकांनी मन मोकळे केले नाही. तरीही तो संग्रह झाला आणि पुढच्या कृष्णवर्णीय अभ्यासकांना त्याचा आधार मिळाला. त्यापासून आपण दोन धडे घ्यावेत : विचारायला उशीर करू नये, आणि विचारणारा माणूस कोण आहे याला महत्त्व द्यावे.

युनेस्कोने २००३ च्या करारात मौखिक परंपरेला वारसा म्हणून मान्यता दिली. भारताने २००५ साली तो करार स्वीकारला. तत्त्व मान्य झाले, काम बाकी आहे. १९३७ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदी ओलांडून गेला आहे. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतील आपल्या मुलामुलींनी, ज्यांच्या घरात पहिल्यांदाच पदवी येते आहे त्यांनी, या सुट्टीत आपल्याच आजी-आजोबांपुढे वही घेऊन बसावे. त्यांनी पाहिलेले आणि आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले लिहून घ्यावे. नाव, गाव, तारीख घालून ठेवावे. मग परदेशी पाहुण्यांना लेण्यांबरोबर या वह्याही दाखवता येतील. शिवेची साक्ष देणाऱ्यांनी आता स्वतःची साक्ष स्वतःच्या अक्षरांत लिहायची आहे.