नुरा कुस्ती आणि मामांचा डावा गुडघा

परवा कँटीनमध्ये जेवताना विषय कुठून कुठे गेला देव जाणे, पण शेवटी आमच्या टीममध्ये चक्क दोन तट पडले. एका गटाचं म्हणणं, डब्ल्यूडब्ल्यूई म्हणजे निव्वळ नाटक, सगळं आधी ठरलेलं. खरी कुस्ती आपली, मातीतली. दुसऱ्या गटाचं म्हणणं, नाटक तर नाटक, पण शिडीवरून पाठीवर पडायला हाडं खरीच लागतात ना? मी गप्प बसून वरण-भात संपवला. या विषयात माझी एक जुनी उधारी बाकी आहे, आणि ती ऑफिसातल्या कोणाची नाही, माझ्या धाकट्या मामांची आहे.

तर मंडळी, मी मूळचा लोहाऱ्याचा. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव. २००७ साली ग्रेट खली वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला आणि आमच्या गल्लीत, रबरबँड लावलेल्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या पत्त्यांमध्ये, खलीच्या कार्डाचा भाव एकदम वधारला. उंची म्हटलं की डाव आपलाच! त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आजोळच्या जत्रेत मामांची कुस्ती होती. शेवटून दुसरी, म्हणजे बऱ्यापैकी मानाची. मी आबांच्या, म्हणजे मामांच्या वडिलांच्या, मांडीला मांडी लावून बसलो होतो. हलगी कडाडत होती. आधी रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या पोरांच्या कुस्त्या झाल्या, मग मामा आले. सलामी झाली, खडाखडी सुरू झाली आणि... पंधरा मिनिटं तीच चालू राहिली. मानेवर हात, हातावर हात, एक पाऊल पुढे, एक मागे. मागून कोणीतरी ओरडलं, "नुरा! नुरा हाय ही!" मग आणखी दहा जण ओरडले. कोणीतरी मातीचं ढेकूळ मारलं. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली.

मी आबांना विचारलं, "नुरा म्हंजी काय?" आबांनी तंबाखू थुंकली. "ठरवून खेळायलेत म्हनायलेत ती." बस, एवढंच.

त्या दिवसापासून मी मामांशी नीट बोलेनासा झालो. खलीचं खोटं मला चालत होतं, मामांचं नाही. दहा वर्षांच्या पोराचा न्याय, दुसरं काय!

आता नुरा कुस्ती म्हणजे काय ते जरा नीट सांगतो, कारण हल्ली हा शब्द राजकारणाच्या बातम्यांतच जास्त भेटतो. दोन पैलवान आधी आपसांत ठरवतात, कधी त्यांचे वस्ताद ठरवतात, की निकाल काय लावायचा. बहुतेक वेळा निकाल लावायचाच नाही, असंच ठरतं. कारण साधं आहे. जत्रांचा हंगाम काही महिन्यांचा, खुराक मात्र बारा महिने. दूध, तूप, बदाम, थंडाई यांचा खर्च शेतकऱ्याच्या घराला झेपणारा नसतो. एकदा चितपट झालं की पैलवानाचा दर पडतो, पुढच्या जत्रेत वरची कुस्ती मिळत नाही. बरोबरीत सुटली तर दोघांचीही नावं पुढच्या हँडबिलावर मोठ्या अक्षरात. वर हातपाय शाबूत. जाणकार प्रेक्षकाला हे कळतं बरं का. मानेवर हात पडतो पण पकड बसत नाही, कब्जा मिळतो पण पुढे डाव येत नाही, दम लागायला पाहिजे तिथे लागत नाही.

अमेरिकेत हाच मामला वेगळ्या वाटेने गेला. तिथली अडचण अशी होती की खरी कुस्ती पाहायला कंटाळवाणी असू शकते. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये आपला गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को लढले. कुस्ती चालली अडीच तासांहून जास्त, आणि त्यातला बहुतेक वेळ झ्बिस्को गाद्यांवर पोटाशी चिकटून पडून होता. निकाल नाहीच. आठवड्यानं पुन्हा लढायचं ठरलं तर झ्बिस्को आलाच नाही. म्हणजे कुस्ती शंभर टक्के खरी आणि प्रेक्षकांचे पैसे शंभर टक्के पाण्यात! १९२० च्या दशकात एड 'स्ट्रँगलर' लुईस, त्याचा मॅनेजर बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी यावर उपाय काढला. वेळेचं बंधन, झटपट डाव, ठरवलेला शेवट, आणि गावोगाव हिंडणारा पैलवानांचा एक ताफा. म्हणजे नुराच, पण बरोबरीत सोडवण्याऐवजी धडाकेबाज निकाल लावणारी.

पण ठरवलेल्या कुस्तीत एक मोठा बग असतो. ठरलेलं पाळायचं की नाही हे आखाड्यात उतरलेल्या दोघांच्याच हातात असतं. जानेवारी १९२५ मध्ये या मंडळींनी वेन मन नावाच्या फुटबॉलपटूला चॅम्पियन केलं. गडी अंगानं आडदांड, कुस्ती मात्र बेताची. १५ एप्रिलला फिलाडेल्फियात त्याच्याविरुद्ध हरायचं काम कोणाला दिलं असेल? त्याच झ्बिस्कोला, पंचेचाळिशीच्या. झ्बिस्को आत गेला, ठरलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि खरंखुरं लढून मनला पाडलं. पट्टा गेला! प्रतिस्पर्धी गटानं त्याला आधीच फितवलं होतं. बाहेर कोणाला काही सांगताही येईना, कारण तक्रार करायची तर 'आमचं ठरलं होतं' हे कबूल करावं लागणार. जानेवारी १९२८ मध्ये हाच झ्बिस्को पतियाळात पुन्हा गामासमोर उभा राहिला. तिथे काहीच ठरलेलं नव्हतं. गामानं एका मिनिटाच्या आत त्याला आस्मान दाखवलं.

ही 'आपलं आपल्यात' ठेवायची रीत अमेरिकन पैलवानांनी पुढे साठेक वर्षं कडक पाळली. त्यांच्या बोलीत तिला 'केफेब' म्हणतात. ड्रेसिंग रूममधलं बाहेर बोलायचं नाही, दुष्मनाची भूमिका करणाऱ्याबरोबर चारचौघांत जेवायचंही नाही. आपल्याकडे १९५०-६० च्या दशकांत दारासिंग आणि किंगकाँगच्या कुस्त्यांना मुंबईत तोबा गर्दी व्हायची. २९ मे १९६८ ला दारासिंगनं मुंबईतच लू थेझला हरवून जागतिक किताब घेतला. तेव्हाही पडद्यामागचं कोणी उघड बोलत नव्हतं. हे मौन तुटलं ते १९८९ साली, आणि तेही तत्त्वासाठी नव्हे. खेळ म्हटलं की सरकारी नियम आणि कर मागे लागतात, म्हणून व्हिन्स मॅकमॅहनच्या कंपनीनं न्यू जर्सीच्या सिनेटला सांगून टाकलं की बाबांनो, ही करमणूक आहे!

करमणूक हे मान्य झालं तरी अपघात थांबले नाहीत. ठरवलेल्या कुस्तीत पैलवान आपलं शरीर समोरच्याच्या हवाली करतो. उचलताना, उलटं करताना, आपटताना मान सांभाळायची ती समोरच्यानं. ३ ऑगस्ट १९९७ ला ओवेन हार्टनं स्टोन कोल्ड ऑस्टिनला डोकं खाली करून आपटलं. अंदाज चुकला आणि ऑस्टिनच्या मानेला जबर मार बसला. काही क्षण त्याला हातपाय हलवता येईनात. ओवेन प्रेक्षकांशी बोलत, वेळ काढत उभा राहिला. मग ऑस्टिन सरपटत आला, कसाबसा त्याला गुंडाळला आणि ठरल्याप्रमाणे जिंकला. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला माँट्रियलमध्ये ओवेनच्या थोरल्या भावाचा, ब्रेट हार्टचा, घात झाला. ब्रेट कंपनी सोडून चालला होता. शेवट काय करायचा ते ठरलं होतं. त्या भरवशावर त्यानं शॉन मायकल्सला स्वतःचाच डाव स्वतःवर लावू दिला, आणि ब्रेटनं हार मानलेली नसताना मॅकमॅहननं घंटा वाजवायला लावली. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत ओवेनला छतावरून दोरानं खाली उतरवताना हूक सुटला आणि तो गेला. कार्यक्रम मात्र पुढे चालूच राहिला. त्याच ऑक्टोबरात डॅरेन ड्रोझडोव्ह नेहमीच्याच एका डावात मानेवर पडला आणि २०२३ साली मरेपर्यंत व्हीलचेअरवर राहिला.

याचा अर्थ आपली खरी कुस्ती सुरक्षित, असं मात्र नाही. २०१८ साली कोल्हापूर जिल्ह्यात गावच्या जत्रेत मानेवर पडून एक तरुण पैलवान गेला. तिथे काही ठरलेलं नव्हतं, कोणाचा घातही नव्हता. आणि पडद्यामागचं राजकारण? ते आमच्याच जिल्ह्यात आलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुस्तीच्या संघटनांच्या भांडणापायी एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला हरवून गदा घेतली आणि काहीच दिवसांनी धाराशिवला शिवराजनं हर्षवर्धन सदगीरला हरवून दुसरी. २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला शिवराजला पंचांनी चितपट दिलं, त्याला ते पटलं नाही, आणि त्यानं पंचांना लाथ मारली. त्याच संध्याकाळी पंचांशी वाद घालून महेंद्र गायकवाडनं अंतिम कुस्ती अर्ध्यात सोडली. पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला, दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. यात नुरा कुठेच नव्हती. पैलवानांनी जीव तोडून खरी कुस्ती केली, आणि तरी घरी जाताना लोक पुन्हा 'खरा केसरी कोण' याच वादात.

असो. आता उधारीकडे येतो.

गेल्या दिवाळीत आजोळी गेलो होतो. मामांनी कुस्ती सोडून बरीच वर्षं झाली. आता सोयाबीन, दोन म्हशी आणि खाली बसताना हात टेकायला लावणारा डावा गुडघा. जेवण झाल्यावर अंगणात मी धीर करून विचारलं, "मामा, ती जत्रेतली कुस्ती नुरा होती का?"

मामा हसले. "आठरा वर्सांनी इचारलास?"

मग त्यांनी सांगितलं. आधीच्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या कुस्तीत त्यांचा डावा गुडघा फिरला होता. सुजून भोपळा झालेला. नाही म्हणायची सोय नव्हती, गावच्या जत्रेत नाव पुकारलेलं, आणि मावशीचं लग्न तोंडावर होतं. सलामीच्या वेळी हात मिळवताना त्यांनी समोरच्याच्या कानात एवढंच सांगितलं, "डावा पाय गेलाय." दोघांची जुनी ओळखही नव्हती. तो कर्नाटकातला, आळंदकडचा पोरगा. त्यानं पट काढायला एकदा हात घातला असता तर मामा खाली असते आणि गडी इनाम घेऊन घरी गेला असता. पंधरा मिनिटांत त्यानं डाव्या पायाला हात लावला नाही.

"मंग ठरलं काहीच नव्हतं?" मी विचारलं.

"ठरवायला येळ कुठं हुता? मी सांगितलो, त्यानं ऐकला."

"आन लोक नुरा नुरा वरडत हुते ते?"

"त्येंनी पैशे टाकले हुते बाबा, वरडनारच की." मामांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "आबाला म्हाईत हुतं. त्येंनीच सकाळी हळद बांधली हुती."

मला आठवलं, आबांनी 'ठरवून खेळायलेत' असं सांगितलं नव्हतं. 'म्हनायलेत' असं म्हणाले होते. अठरा वर्षं मी तो एक शब्द गाळून वाक्य लक्षात ठेवलं होतं.

तेवढ्यात मामांचा नातू मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसला. स्क्रीनवर डब्ल्यूडब्ल्यूई चालू होतं. एक धिप्पाड गडी दुसऱ्याला डोक्यावर उचलून दाणकन आपटत होता. पोरगं टाळ्या पिटत होतं. मला वाटलं, मामा आता म्हणणार, खोटं असतंय हे. मामांनी चष्मा लावला, मोबाईल हातात घेतला आणि पोराला तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग बोट ठेवून त्याला म्हणाले,

"हे बघ. सोडताना ह्येनं हात कुठं ठिवलाय बघ. मानंखाली."