पैनगंगेच्या ओरखड्यांची अलास्कातली भावकी

अलास्काच्या क्रूझवर जूनो बंदर आलं की प्रवाशाच्या हातात एक यादी पडते. मेंडेनहॉल हिमनदीपर्यंत बस. तीच बस आणि वर देवमासे. हेलिकॉप्टरने थेट बर्फावर. नाहीतर छोट्या बोटीने एखाद्या अरुंद खाडीत, बर्फाचे कडे समुद्रात कोसळताना बघायला. बोट सुटायच्या आत परतायचं, डॉलर आधीच मोजायचे, आणि निवड चुकली तर दुसरी फेरी नशिबात असेलच असं नाही. यातलं काय निवडावं, हा प्रश्न हल्ली आमच्या दारव्ह्यातही विचारला जातो. पोरं सिअ‍ॅटलला नोकरीत, आईवडील उन्हाळ्यात तिकडे, आणि अलास्काच्या बऱ्याच बोटी सिअ‍ॅटलहून सुटतात. लोक माझ्याकडे येतात ते मी नकाशे नि जुनी प्रवासवर्णनं जमवतो म्हणून; मी स्वतः गेलेलो नाही हे त्यांनाही ठाऊक असतं.

उत्तर द्यायचं सोडून मी या सहलीचं कूळ शोधत बसलो. बोटीतून उतरून हिमनदी बघायची ही चाल आली कुठून? शोधता शोधता गाडी आमच्याच जिल्ह्याच्या शिवेवर, पैनगंगेच्या पात्रात येऊन थांबली.

सर्वांना माहीत असलेला भाग आधी उरकतो. १७४१ मध्ये विंडहॅम आणि पोकॉक हे दोन इंग्रज आल्प्समधल्या शामोनीला गेले, तिथल्या हिमनदीवर उतरले, आणि त्यांच्या वर्णनातून ती ‘बर्फाचा समुद्र’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. १८२१ मध्ये शामोनीच्या वाटाड्यांनी आपला संघ काढला. पुढे थॉमस कुकने प्रवासाचा धंदाच उभारला. हिमनदी बघण्याची हौस युरोपातली, यात वाद नाही. पण बोट थांबते, तेवढ्या वेळात गाडी करायची, एक ठरलेलं ठिकाण बघायचं आणि भोंग्याच्या आत परतायचं, ही घाईची रीत शामोनीची नव्हे. तिथे माणसं मुक्कामाला जात.

या घाईचं आजोळ माझ्या मते मुंबईच्या वाटेवर आहे, एडनला. १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन घेतलं ते मुख्यतः आगबोटींच्या कोळशासाठी, आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. आगबोट कोळसा भरायला थांबली की काही तास जात. कोळशाची भुकटी केबिनपासून ताटापर्यंत सगळीकडे शिरायची. प्रवासी जीव मुठीत धरून किनाऱ्यावर पळत आणि घोडागाडी करून डोंगरातली जुनी पाण्याची टाकी बघून येत. मुंबई-लंडन प्रवासात ही फेरी इतकी ठरून गेली होती, की एडन म्हटलं की टाकी आलीच. थॉमस कुकचे अभिमानी म्हणतील की बंदरातल्या सहलीही त्यांच्याच. मला ते पटत नाही. कुकने तिकिटं विकली. माणसाला बोटीवरून खाली लोटलं ते कोळशाच्या धुळीने.

हे झालं आजोळ. बापाकडची बाजू अधिक गमतीची आहे.

अलास्कातल्या हिमनद्यांना जगापुढे आणलं जॉन म्युअरने. १८७९ च्या ऑक्टोबरात तो रँगेलहून होडीने निघाला. बरोबर एक पाद्री आणि त्लिंगित जमातीचे टोयाटे, कडाचान वगैरे वाटाडे. वाटेत सील मारणाऱ्या हूना लोकांपैकी एकजण सोबतीला आला, म्हणून ते आज ‘ग्लेशियर बे’ म्हणतात त्या उपसागरात शिरू शकले. म्युअरच्या आधी १८७७ मध्ये वुड नावाचा एक लष्करी अधिकारी तिथे जाऊन आला होता, आणि त्लिंगित लोक तर पिढ्यान्‌पिढ्या तिथले. तेव्हा ‘शोध’ हा शब्द म्युअरला लावू नये. त्याला लावायचा तो ‘साक्षीदार आणायला गेलेला वकील’.

कसला खटला? कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीचा. ती दरी जमीन खचून झाली, असं राज्याचे भूगर्भशास्त्रज्ञ व्हिटनी सांगत. म्युअर १८७१ पासून लिहीत होता की ती बर्फाने कोरली. कातळावरचे ओरखडे बघा, घासून गुळगुळीत झालेले खडक बघा. व्हिटनीने त्याला मेंढपाळ म्हणून उडवून लावलं. म्युअरच्या बाजूला अ‍ॅगॅसिझ होता, ज्याने १८४० मध्ये हिमनद्यांवरचा ग्रंथ लिहून, एकेकाळी बर्फ फार दूरवर पसरलं होतं, असं मांडलं. म्युअरला विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात शिकवणारे एझ्रा कार हाच सिद्धांत शिकवीत. पण योसेमिटीत उरल्या होत्या फक्त खुणा. खुणा करणारा जिवंत, मोठा गुन्हेगार बघायचा तर उत्तरेला जाणं भाग होतं. म्हणून अलास्का.

पुढचं झटपट घडलं. म्युअरची पत्रं सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात छापून आली. १८८३ च्या जुलैत कॅप्टन कॅरोलने ‘आयडाहो’ ही आगबोट प्रवाशांसकट त्या उपसागरात घातली आणि तिथल्या सर्वांत मोठ्या हिमनदीला म्युअरचं नाव दिलं. त्या बोटीत एलायझा सिडमोर होत्या. त्यांचं १८८५ चं पुस्तक म्हणजे अलास्काच्या पर्यटनाची पहिली पोथी. (याच बाईंनी पुढे हिंदुस्थान फिरून १९०३ मध्ये त्यावरही पुस्तक लिहिलं.) किनाऱ्यावर फळ्यांची वाट घातली गेली, प्रवासी होडीने उतरत, फळ्यांवरून चालत बर्फापर्यंत जात. १८९० च्या जुलैत ‘क्वीन’ बोटीने दोनशेहून अधिक माणसं आणली, हातात नवेकोरे कोडॅक कॅमेरे. १८९९ च्या सप्टेंबरात मोठा भूकंप झाला, हिमनदीचा कडा फुटला, उपसागर हिमखंडांनी भरला आणि बोटी पुष्कळ वर्षं जवळ जाऊ शकल्या नाहीत. चाल मात्र मोडली नाही, दुसऱ्या हिमनद्यांकडे वळली.

म्हणजे जूनोच्या त्या यादीच्या मुळाशी बर्फाची हौस कमी आणि दगडावरच्या ओरखड्यांचं भांडण जास्त आहे. आणि ओरखडेच कुळाचं लक्षण मानले, तर त्या कुळाची थोरली शाखा आपल्याकडे निघते.

१८५६ मध्ये ओडिशातल्या तालचेरला विल्यम आणि हेन्री हे ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांना एक विचित्र थर सापडला. बारीक, मऊ गाळ आणि त्यात रुतलेले मोठाले धोंडे. यात कोडं काय, ते गावच्या नदीवर गेलेल्या कुणालाही कळेल. धोंडा लोटण्याइतकं जोराचं पाणी बारीक गाळ ठेवत नाही, आणि गाळ बसेल इतकं संथ पाणी धोंडा हलवत नाही. दोन्ही एकत्र आले ते कसे? त्यांनी उत्तर दिलं: बर्फ. अ‍ॅगॅसिझच्या ग्रंथाला तेव्हा १६ वर्षं झाली होती; युरोपातही वाद मिटला नव्हता आणि ही मंडळी ओडिशाच्या उन्हात बर्फ सांगत होती. शंका येणारच.

पुरावा सापडला १८७२ मध्ये, चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, पश्चिमेला दहाएक मैलांवर, पैनगंगेकाठच्या इरई गावाजवळ. चंद्रपूरची इरई नदी वेगळी, तिच्याशी गल्लत करू नये. भूगर्भ सर्वेक्षणाच्या फेडन यांना तिथे तालचेरसारखाच धोंड्यांचा थर दिसला. त्याखालचा चुनखडकाचा कातळ घासून चकचकीत झालेला, आणि त्यावर समांतर चरे.

हे चरे म्हणजे काय, ते जवळून बघण्यासारखं आहे. नदीतला गोटा सगळीकडून गोल होतो. तो गडगडत येतो, म्हणून त्याला खालची बाजू अशी नसते. बर्फातला धोंडा बर्फाच्या तळाशी घट्ट धरलेला असतो आणि वरचं सगळं ओझं घेऊन खालच्या कातळावर घासत जातो. सहाणेवर खोड घासावं तसा तो एका अंगाने सपाट होतो, आणि घासतो त्या कातळावरही रेघा उमटतात. सपाट अंग, बोथट कडा आणि त्या अंगावर एकाच दिशेच्या बारीक रेघा: अशा धोंड्याची चाल बर्फाचीच. गडगडत आलेल्या गोट्यावर रेघा पडल्या तरी वेड्यावाकड्या पडतात.

इथे एक वाद आहे, आणि तो मला सोडवत नाही. फेडन यांनी १८७५ मध्ये हे प्रसिद्ध केलं तेव्हा शीर्षकात हिमनदी म्हटलं नाही. नदीच्या तळाशी गोठणाऱ्या बर्फाचं नाव घेतलं. म्हणजे थंडीत तळ गोठला, दगड त्यात अडकले आणि बर्फ तरंगत गेलं, इतकंच. सावध माणसाचा सावध शब्द. पण तरंगणारं बर्फ दगड वाहून नेईल, मऊ गाळात टाकेलही. भक्कम कातळ घासून त्यावर एका दिशेचे चरे पाडायला अंगावर डोंगराएवढं ओझं लागतं. १९६३ मध्ये ए. जे. स्मिथ यांनी याच इरईच्या कातळाचा पुरावा हिमनदीच्या बाजूने मांडला. माझा कौल अर्थात तिकडेच.

पैनगंगेत बर्फ आलं कसं? जवळपास ३० कोटी वर्षांपूर्वी ही जमीन दक्षिण ध्रुवाजवळ होती. आपल्या गोंडवनाचं नाव आधी या खडकांना मिळालं आणि एडुआर्ड झ्यूसने १८८५ मध्ये ते एका आख्ख्या प्राचीन भूखंडाला दिलं. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथल्या याच बर्फाच्या खुणा जुळवून वेगेनरने खंड सरकतात असं मांडलं आणि १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावरच त्याचा अंत झाला. इकडे बर्फ गेल्यावर झाडोरा वाढला, गाडला गेला, आणि त्याचाच वणीचा कोळसा झाला. एडनला भरला जाणारा कोळसा वेल्सचा होता हे मला माहीत आहे; पण ज्या कोळशाने सहलीची रीत पाडली आणि ज्या ओरखड्यांनी तिला दिशा दिली, त्यांची आपल्याकडची आवृत्ती एकावर एक रचलेली आहे, याची मौज मी सोडणार नाही. दारव्ह्याची काळी माती तर त्या मानाने कालची. ती ज्या लाव्ह्याची झाली तो साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा.

म्युअरने इरईचं नाव ऐकलं होतं असा माझा दावा नाही. म्युअर आणि फेडन या दोघांच्या मागे अ‍ॅगॅसिझचा सिद्धांत, आणि १८७१ ते १८७९ या काळात दोन टोकांना दोन माणसं एकच लिपी वाचत होती, एवढं मला पुरे आहे. ज्यांना हे नातं दूरचं वाटतं, त्यांनी शामोनीचं नातं किती जवळचं ते सांगावं. तिथे लोक बर्फ बघत. दगड वाचायला शिकवलं ते नंतरच्या भांडणाने.

आता जूनोचा सल्ला. हेलिकॉप्टर महाग, आणि ढग उतरले की फेरी रद्द. बोटीच्या कंपनीकडून सहल घेतलीत तर उशीर झाला तरी बोट थांबते. बाहेरून घेतलीत तर घड्याळ आपलं आपण सांभाळायचं. मी म्हणेन, साधी बस घ्या. मेंडेनहॉल गावापासून २० किलोमीटरच्या आत आहे. तिथलं १९६२ चं पर्यटक केंद्र ज्या कातळावर आहे, तोही एकेकाळी बर्फाखाली होता. हिमनदी मागे सरते आहे, ती लांबूनच दिसेल, आणि सगळे तिचेच फोटो काढतील. काढू द्या. तुम्ही पायाखाली बघा: घासलेला खडक, समांतर रेघा. तळ्याचं दुधाळ पाणी दिसेल, तेही दगडाचं पीठ मिसळलेलं. ही खूण ओळखता आली की तिकिटाचे पैसे वसूल.

ज्यांना व्हिसा नको, त्यांनी पावसाळा सरल्यावर वणीच्या पुढे पैनगंगेकाठी जावं, भूगर्भशास्त्र शिकवणारा कुणी सोबत घ्यावा. एकच विनंती: रेघांचा धोंडा सापडला तर फोटो काढा, पण घरी आणू नका. जागेवरून हलवला की त्याच्या रेघांची दिशा सांगता येत नाही, आणि उरतो तो नुसता दगड.