‘पानिपत’ (२०१९) : प्रेक्षकांतील पडसाद

आशुतोष गोवारीकर दिग्दर्शित ‘पानिपत’ हा हिंदी चित्रपट ६ डिसेंबर २०१९ रोजी प्रदर्शित झाला. मराठी साम्राज्याची घोडदौड रोखणारी १४ जानेवारी १७६१ ची लढाई हा त्याचा विषय.

ट्रेलर येताच अब्दालीच्या चित्रणावर अफगाणिस्तानातून नाराजी उमटली. तेथे तो राष्ट्रपिता मानला जातो. मदतीच्या बदल्यात सूरजमल आग्र्याचा किल्ला मागतो, या प्रसंगावरून राजस्थानात जाट समाजाने निदर्शने केली. निर्मात्यांनी वादग्रस्त भाग कापला. लढाईनंतर मराठी निर्वासितांना आसरा दिला तो याच सूरजमलने.

इंदूरकरांसाठी कळीचे पात्र सुभेदार मल्हारराव होळकर (रवींद्र महाजनी). त्यांनी रणांगण सोडल्याचा वाद अजून मिटलेला नाही. मात्र पुढे उत्तरेत मराठी सत्ता सावरली ती पानिपतातून वाचलेल्या होळकर-शिंद्यांच्याच बळावर.